एका फुटावरचा रेटा

रतनगडाच्या डोंगरातून उतरणाऱ्या प्रवरेला भंडारदऱ्यापाशी अडविण्यासाठी मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१० साली जे काम आरंभिले आणि गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धारण करून जे १९२६ साली सिद्धीस गेले, त्या २७० फूट उंचीच्या दगडी धरणापाशी आलेल्या प्रवाशाची दृष्टी छत्रीसारख्या पसरणाऱ्या धबधब्यावरच खिळते; वस्तुतः खरा पराक्रम त्या वाहत्या पाण्याचा नसून, भिंतीमागे निश्चल पडून तिला अहोरात्र रेटणाऱ्या पाण्याचा असतो.

हा रेटा मोजावा कसा? भिंत उभी सरळ आणि पाणी माथ्याला टेकलेले, असे सोयीसाठी मानू, आणि सर्वांत खोल जागची फूटभर रुंदीची एकच पट्टी घेऊ. घनफूटभर पाण्याचे वजन सुमारे ६२.४ पौंड, दाब पृष्ठभागी शून्य व तळाशी पूर्ण, म्हणून सरासरी खोली १३५ फूट. ६२.४ गुणिले १३५ गुणिले २७० म्हणजे २२,७४,४८० पौंड. (मागचा जलाशय मैलोगणती पसरलेला असो वा हातभर रुंदीचा असो, खोली तीच असेल तर रेटाही तोच, हे प्रथम ऐकणाऱ्यास पटत नाही, मलाही पटले नव्हते.)

इंग्रजी अमदानीत टन २,२४० पौंडांचा असल्यामुळे तेव्हाच्या हिशेबाने हा रेटा सुमारे १,०१५ टन होतो. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, आणि हजार किलोग्रॅमच्या नव्या टनाने मोजताच त्याच पट्टीवर सुमारे १,०३२ टनांचा रेटा दिसू लागला. पाण्याने थेंबभरही अधिक जोर लावलेला नाही; बदलले ते केवळ माप. दोन्ही मापांना नाव मात्र एकच, म्हणून जुना नकाशा नव्या दप्तरात उघडणाऱ्याने टन कोणत्या अमदानीचा आहे हे आधी विचारून घ्यावे, हे बरे.

याहून सूक्ष्म घोटाळा किलोग्रॅमचा आहे. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे, म्हणजे पदार्थाच्या ऐवजाचे माप. आपण मात्र बाजारात वस्तुमान आणि पृथ्वीची ओढ या दोहोंना ‘वजन’ या एकाच खात्यात जमा करतो. व्यवहारात हे खपते, शास्त्रात खपत नाही. म्हणून १९४८ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने बलाच्या एककास ‘न्यूटन’ हे नाव दिले: एक किलोग्रॅम वस्तुमानाच्या वेगात दर सेकंदाला सेकंदी एक मीटरची वाढ करणारे बल. पृथ्वी एक किलोग्रॅमला सुमारे ९.८१ न्यूटनांनी ओढते. एक पौंड भार सुमारे ४.४४८ न्यूटनांचा. या हिशेबाने आपल्या पट्टीवरचा रेटा सुमारे १,०१,१७,००० न्यूटन, किंवा आजचे अभियंते लिहितात तसा १०,११७ किलोन्यूटन भरतो.

आकडा एवढा फुगला, याचे कारण न्यूटन हे माप फारच लहान आहे. राहात्याच्या बागेतला शंभरएक ग्रॅमचा लहानसा पेरू तळहातावर घ्या. त्याचा जो भार हाताला जाणवतो, तो जवळजवळ एक न्यूटन. तसले एक कोटीहून अधिक पेरू भंडारदऱ्याच्या त्या फूटभर पट्टीवर आडवे रेटीत उभे आहेत.