हॉटेलची खोली आणि वॉशिंग्टनची यादी

मुलुंडच्या एका कुटुंबाची आपण कल्पना करू. आईवडील भारतीय नागरिक. मुलगी न्यू जर्सीत, तिच्याकडे ग्रीन कार्ड. तिघांनी क्युबा पाहायचं ठरवलं. वडिलांना हवानाचं ‘हॉटेल नॅसिओनाल’ आवडलं. १९३० साली उघडलेलं, समुद्राकाठचं, सरकारी मालकीचं. तिथे वडील राहू शकतात, आईही राहू शकते. मुलगी मात्र नाही!

असं का? १९६२ पासून अमेरिकेची क्युबावर व्यापारबंदी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने क्युबातल्या निषिद्ध निवासांची एक यादी काढली. पहिल्याच यादीत ४३३ ठिकाणं होती. क्युबाच्या सरकारची, तिथल्या ठरावीक बड्या अधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या जवळच्या नातेवाइकांची. अमेरिकी कायद्याच्या कक्षेतल्या माणसाने तिथे राहायचं नाही, पैसे भरायचे नाहीत आणि दुसऱ्यासाठी बुकिंगही करायचं नाही. म्हणजे मुलीला आईवडिलांची खोलीसुद्धा राखून ठेवता येत नाही.

ही कक्षा नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डवाले जगात कुठेही असोत, ते तिच्यात येतात. मुलगी सुट्टीत मुलुंडला आली तरी सुटका नाही. शिवाय अमेरिकेच्या भूमीवर असलेली कोणतीही व्यक्ती या कक्षेत येते. तेव्हा वडिलांनी न्यू जर्सीत मुलीच्या घरी बसून ते बुकिंग केलं, तर तेही अडकतात.

मुलीला मुळात निव्वळ मौजेसाठी क्युबाला जाता येत नाही. ठरवून दिलेल्या १२ कारणांपैकी एखादं लागतं. ते असेल तर तिच्यासाठी मार्ग आहे ‘कासा पार्तिक्युलार’चा. म्हणजे घरगुती निवास. आपल्याकडे तारकर्लीला उतरतो ना, तसा. मात्र तो यादीत नाही, याची खात्री करायची. यादी बदलत असते, म्हणून बुकिंगच्या दिवशीची पाहावी.

हॉटेलांनाही हा हात पोचतो. फेब्रुवारी २००६ मध्ये मेक्सिको सिटीतल्या एका अमेरिकी साखळीच्या हॉटेलाने १६ क्युबन पाहुण्यांना बाहेर काढलं, ते अमेरिकेच्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून. मेक्सिको सरकार संतापलं आणि त्याने हॉटेललाच दंड केला. बिचारं हॉटेल, दोन कायद्यांच्या कात्रीत!

बहिष्कार आपल्यालाही नवा नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी भारताने १९४६ सालीच व्यापार तोडला होता, आणि तो देश वगळल्याचा उल्लेख पासपोर्टवर असे, हे जुन्या मंडळींना आठवेल.

आता बोरिवली-घाटकोपरच्या प्रवाशाला अधिक जवळचं उदाहरण घेऊ, रशियाचं. भारताने रशियावर निर्बंध घातलेले नाहीत. तिथल्या कोणत्याही हॉटेलात राहायला आपल्याला आडकाठी नाही. पण मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या अमेरिकी कंपन्यांनी तिथलं काम थांबवलं. तेव्हापासून आपल्या बँकेने दिलेलं त्यांचं कार्ड मॉस्कोत चालत नाही. बुकिंगच्या बड्या परदेशी संकेतस्थळांनीही त्याच महिन्यात रशियातून अंग काढून घेतलं. उरतात ती दोनच प्रकारची हॉटेलं: इथल्या एजंटकडे रुपयांत पैसे भरून मिळणारी, किंवा आगाऊ रक्कम न घेता खोली राखून ठेवणारी आणि तिथे पोचल्यावर रोख रुबल घेणारी. मनासारखं हॉटेल निवडणं इथेच संपतं.

मग डॉलर किंवा युरोच्या नोटा न्यायच्या आणि तिथे बदलून घ्यायच्या. एरवी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात. पण रशिया आणि इराणसाठी रिझर्व्ह बँकेची सवलत आहे, सगळं परकी चलन नोटांतच घेता येतं. ही सवलत २०२२ च्या आधीपासूनची. सोय खरीच, पण साऱ्या प्रवासाचे पैसे कमरेच्या पाकिटात बाळगायचे, म्हणजे सत्तरीच्या माणसाला रात्री झोप कशी यावी? त्याने निदान परतीपर्यंतची खोली आणि जेवण इथूनच भरून टाकावं, आणि पावती छापून जवळ ठेवावी. परतताना ५,००० डॉलरहून अधिक नोटा उरल्या असतील, तर मुंबई विमानतळावर कस्टम्सला तसं लिहून द्यावं लागतं.