एसटी स्टँड केवढं हवं? चला, गर्दीचं गणित मांडू

आजचा विषय आपल्या रोजच्या येण्याजाण्याचा आहे. तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं जुनं एसटी स्टँड पाडून नवं बांधायचं ठरलं, की इमारत किती मजल्यांची, खाली दुकानं किती आणि खर्च किती कोटी याच्या बातम्या येतात. पण कडेवर लेकरू आणि हातात पिशवी घेऊन गाडीची वाट बघणाऱ्या बाईचा प्रश्न वेगळाच असतो. तिथं मला टेकायला जागा मिळेल का? याचं उत्तर इमारत उभी राहण्याआधी, कागदावरच ठरतं. ते कसं ठरतं, हे आज समजून घेऊ.

आधी बदल काय झाला ते बघा. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी २०२२ पासून पंच्याहत्तरी पार केलेल्या ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला होता. त्यामुळे स्टँडवर बायका आणि म्हातारी माणसं वाढली. म्हणजे नवं स्टँड कोणासाठी बांधायचं, याचं उत्तरही बदललं.

आता गणित. पहिली गोष्ट म्हणजे, दिवसभराची सरासरी धरायची नाही. दुपारी स्टँड रिकामं दिसलं म्हणून ते मोठं आहे असं होत नाही. सकाळची कॉलेजची वेळ, संध्याकाळची परतीची वेळ, बाजाराचा दिवस, जत्रा आणि दिवाळी, या वेळी जी गर्दी होते तिचा सगळ्यात भरलेला एक तास धरायचा. लग्नाचा स्वयंपाकही आपण पंगतीला बसणारी माणसं मोजूनच करतो ना, तसंच हे.

समजा, त्या एका तासात स्टँडवरून ४० गाड्या सुटतात. प्रत्येक गाडी फलाटाला लागते, माणसं उतरतात, नवी चढतात, वाहक नोंद करून येतो आणि गाडी निघते. यात १५ मिनिटं गेली असं धरू. म्हणजे एका फलाटावरून तासाला ४ गाड्या सुटतील आणि ४० गाड्यांना १० फलाट लागतील. पण गाडी कधी बिघडते, कधी उशिरा येते, म्हणून दोन-तीन फलाट जास्तीचे हवेत. मुक्कामाच्या किंवा धुवायच्या गाड्या फलाटावर उभ्या राहिल्या तर हे गणितच मोडतं. त्यांना मागे वेगळी जागा हवी.

आता माणसं मोजू. एका गाडीत ४० जण चढले, तर तासाला १६०० प्रवासी झाले. प्रत्येकजण सरासरी अर्धा तास वाट बघत असेल, तर एका वेळी स्टँडवर निम्मे म्हणजे ८०० जण असतील. माणूस आणि त्याचं सामान मिळून अकरा चौरस फूट जागा धरली, तरी जवळपास नऊ हजार चौरस फूट सावलीची जागा हवी. त्यात सोडायला आलेली माणसं धरलेली नाहीत.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गाड्या उशिरा धावू लागल्या आणि वाट बघण्याचा वेळ अर्ध्या तासाचा एक तास झाला, तर त्याच स्टँडवर ८०० ऐवजी १६०० जण साठतात. प्रवासी एकही वाढलेला नसतो, तरी गर्दी दुप्पट होते. म्हणून नुसती इमारत मोठी करून भागत नाही. गाड्या पुरेशा हव्यात आणि वेळेवर हव्यात. दहा फलाटांचं चकचकीत स्टँड बांधलं आणि गावाकडची संध्याकाळची फेरीच बंद केली, तर त्या फलाटांचा आपल्याला काय उपयोग?

आता स्वच्छतागृहाचा हिशेब, कारण तो कोणी मोठ्यानं बोलत नाही. १६०० प्रवाशांत निम्म्या बायका धरल्या तर ८०० झाल्या. त्यातली दर चौथी बाई आत गेली, तर तासाला २०० जणी. साडी सावरायची, लेकराला धरायचं, कोणाची पाळी असते, म्हणून एकीला तीन मिनिटं धरू. म्हणजे ६०० मिनिटांचं काम झालं आणि त्याला १० शौचकूप लागतात. तेवढ्याच पुरुषांना दीड मिनिट धरलं, तर त्यांचं ५ मध्ये भागतं. नकाशात दोघांना पाच-पाच दाखवले, की कागदावर समानता दिसते आणि रांगेत मात्र बाईच उभी राहते. मग ती प्रवासाला निघताना पाणीच पीत नाही. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष असतो. तो कुलपात नसावा आणि आत सामान भरलेलं नसावं, हेही बघायला हवं.

सुरक्षितता ही पण आखणीचीच गोष्ट आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या स्वारगेट स्थानकाच्या आवारात, उभ्या असलेल्या बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली आणि सगळं राज्य हादरलं. आवारात अंधारे कोपरे नकोत, उभ्या गाड्यांना कुलूप हवं, शेवटची गाडी सुटेपर्यंत चौकशी खिडकीत माणूस हवा. फलाटाच्या पाट्या आणि घोषणा स्पष्ट असल्या, तर बाईला अनोळखी माणसाला विचारत फिरावं लागत नाही.

शेवटचा मुद्दा जागेचा. पुण्यात मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस शिवाजीनगरचं एसटी स्थानक वाकडेवाडीला हलवलं. शिवाजीनगरहून २०२३ मध्ये मेट्रो धावू लागली, पण एसटीच्या प्रवाशांना मधल्या काळात वाकडेवाडीहून पुढची सोय बघावी लागली. शहराच्या मध्यात जागा कमी आणि वाहतूक जास्त, म्हणून स्टँड बाहेर न्यावं असं अनेक ठिकाणी सुचवतात. त्यात तथ्य आहे. पण दवाखाना, कचेरी आणि बाजार मध्यातच असतात. अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे रिक्षाला गेले, तर सवलत हातात राहत नाही. स्टँड हलवायचंच असेल, तात्पुरतं का होईना, तर तिथून शहरात जायला स्वस्त बस पहिल्या दिवसापासून हवी.

मग आपण काय करायचं? आपल्या गटानं एका बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या स्टँडवर दोन-दोन तासांच्या पाळ्या लावाव्यात. किती गाड्या आल्या, किती उशिरा आल्या, किती बायका उभ्या होत्या, स्वच्छतागृहाच्या रांगेत किती वेळ गेला, हे वहीत लिहावं. गाडी नाही म्हणून ज्या घरीच राहिल्या, त्यांचीही नोंद गावात करावी, कारण त्या तिकिटाच्या हिशेबात कधीच दिसत नाहीत. ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत हे आकडे मांडून ठराव करा आणि तो आगार व्यवस्थापक व विभाग नियंत्रक यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका. नव्या स्टँडचा नकाशा बघायचा असेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

नकाशा कागदावर आहे तोवर एक भिंत सरकवायला खोडरबर पुरतो. म्हणून पाया खणण्याआधी ही वही पोचली पाहिजे. बाजाराचा दिवस ठरवा, पाळ्या वाटून घ्या आणि काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.