दहावा एक

सुरतहून मुंबईस जाताना डहाणू लागले, की १९०५ साली तेथे जन्मलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे स्मरण होते. देवळालीच्या शाळेतील हे शिक्षक आयुष्यभर अंकांत रमले. काही संख्यांना त्यांनी डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकाचे नाव दिले.

त्यांतील एक पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. ‘रामाला भाला मारा’ या वाक्याप्रमाणे ही सतरा अंकी संख्याही उलट वाचली तरी तीच! नऊ एक ओळीने लिहून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग. गुणाकार कागदावर मांडावा : एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या घरांची बेरीज एकापासून नवापर्यंत चढते आणि तशीच उतरते. हातचा कोठेच येत नाही.

११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. नऊ एकांपर्यंत नियम अढळ. दहा एक घेतले, की मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर निघते १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडला.

एका पावसाळ्यात साध्या तापाची मुले एकामागून एक येत होती. तसेच समजून मी एका तान्ह्याला घरी पाठवणार, तोच आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हा दूधच ओढत नाही.” पुन्हा तपासले. मेंदूच्या आवरणाचा दाह निघाला.

नियम किती वेळा खरा ठरला, यापेक्षा तो का खरा ठरतो, हे जाणणे महत्त्वाचे. ते बाळ बरे झाले. हातचा मात्र मी तेव्हापासून विसरत नाही.