महाधनेशाच्या खेपा

बालमित्रांनो, घराचं दार आतून लिंपून घेऊन कुणी तीन-चार महिने कोंडून राहील का? महाधनेशाची मादी राहते बरं का!

महाधनेश हा सह्याद्रीच्या दाट जंगलात आणि कोकणातल्या काही देवरायांत दिसणारा पक्षी. लांबी सुमारे एक मीटर. बाकदार पिवळी चोच आणि तिच्यावर पिवळंच शिरस्त्राण! तो उडाला, की पंखांचा आवाज कोळशाच्या इंजिनासारखा दूरवर ऐकू येतो.

हिवाळा सरत आला, की जोडी उंच, जुन्या झाडाची ढोली निवडते. मादी आत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा गर यांनी ढोलीचं तोंड लिंपते. उरते फक्त चोचीपुरती उभी फट. त्यामुळे शत्रू आत शिरू शकत नाही. ती एक-दोन अंडी घालते. आत असताना तिची उडण्याची पिसंही गळतात.

आता सगळी भिस्त नरावर! वड-उंबराची फळं गळ्यात साठवून तो दिवसातून अनेकदा येतो आणि एकेक फळ फटीतून आत देतो. सुमारे ४० दिवसांनी पिलू बाहेर पडलं, की खाणारी तोंडं वाढतात. पिलू जरा मोठं झालं, की मादी लिंपण फोडून बाहेर येते. पिलू फट पुन्हा लिंपून घेतं आणि मग आई-बाबा दोघंही त्याला भरवतात.

या दिवसांत नराची शिकार झाली, तर ढोलीतली मायलेकरं उपाशी मरू शकतात. जुनं झाड तुटलं, तर घरच जातं. अरुणाचल प्रदेशातले न्यिशी लोक पूर्वी धनेशाची शिकार करत. पण पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात २०१२ पासून त्यांच्यातलेच काहीजण ढोल्यांची राखण करू लागले.

पक्ष्याच्या मनातलं आपल्याला कळत नाही. हा त्याचा उपजत स्वभाव. तरी त्याच्याकडे पाहून एक गोष्ट उमगते. घराशी निष्ठा म्हणजे मोठमोठ्या शपथा नव्हेत, तर न चुकता घातलेल्या खेपा!

तुमच्या घरी अशा खेपा कोण घालतं? पहाटे उठून डबा करणारी आई? रात्रपाळीला जाणारे बाबा? आणि आजी अंथरुणाला खिळली असेल, तर तिच्या पाण्याच्या तांब्याची एक खेप तुमची असू द्या. पालकहो, तेव्हा "तू अभ्यास कर" म्हणून त्यांना अडवू नका हं!