संडेस्कूलच्या शिक्षकाला ईश्वरविज्ञान कशाला?

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. आईबापांबरोबर अनेक लेकरेही फडावर जातात. काही हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ मागे राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के आढळले, बीडमध्ये ते सुमारे 44 टक्के होते. जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज लहान आहे, पण त्याची मुलेही याच परिसरात वाढतात. या मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये सेवा करू पाहणाऱ्यांनी काय शिकावे आणि का, याविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज 1 : मुलांना गाणी-गोष्टी शिकवायच्या, त्यासाठी ईश्वरविज्ञान कशाला?

वस्तुस्थिती : संडेस्कूलची चळवळ उभी राहिली तीच मुळात कष्टकरी मुलांसाठी. 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्र चालवणाऱ्या गृहस्थाने आठवडाभर काम करणाऱ्या गरीब मुलांना त्यांच्या सुटीच्या दिवशी लिहा-वाचायला शिकवण्याची सोय केली. बीडमधल्या शिक्षकाला हा इतिहास ठाऊक असेल, तर रविवारचा वर्ग हंगामाच्या वेळापत्रकाशी कसा जुळवायचा याचा तो विचार करील.

शिवाय मुलांचे प्रश्न सोपे नसतात. ‘आम्ही रोज प्रार्थना करतो, तरी बाबांची उचल का फिटत नाही?’ असे एखाद्या मुलीने विचारले, तर ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे उत्तर तिच्यावर अन्याय करते. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात दुःखी माणसालाच दोष देणाऱ्या मित्रांना देव खडसावतो. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करण्याची आज्ञा आहे. हे भाग त्यांच्या संदर्भासह शिकलेला शिक्षक त्या मुलीच्या बाजूने उभा राहू शकतो.

गैरसमज 2 : सेमिनरी फक्त पाळक आणि फादर होणाऱ्यांसाठी असते आणि तिथे नुसते बायबल पाठ करतात.

वस्तुस्थिती : विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1818 मध्ये स्थापन केलेल्या सेरामपूर कॉलेजला 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याची सनद मिळाली. 1918 च्या सेरामपूर कॉलेज कायद्यानंतर तिथली सिनेट देशभरातल्या संलग्न संस्थांसाठी ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक्रम ठरवते. त्यांत जुना आणि नवा करार, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, समुपदेशन, ख्रिस्ती शिक्षण असे विषय येतात. ही पदवी घेतलेले सगळेच पाळकीय दीक्षा घेत नाहीत. कुणी वसतिगृहे सांभाळतात, कुणी तरुण संघांबरोबर काम करतात, तर कुणी समुपदेशक होतात.

गैरसमज 3 : हे शिक्षण परके आहे आणि मराठी माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

वस्तुस्थिती : बीडला लागून असलेल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एकोणिसाव्या शतकापासून ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणाची परंपरा आहे. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले रेव्हरंड ना. वा. टिळक तिथल्या सेमिनरीत शिकवत असत. परक्या चालींऐवजी भजन-कीर्तनाच्या अंगाने ख्रिस्तभक्ती मांडण्याचा त्यांचा आग्रह होता. 1953 मध्ये यवतमाळला सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. कॅथलिक धर्मगुरूंना घडवणारी पेपल सेमिनरी 1955 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. उच्च शिक्षणात इंग्रजीचा वापर मोठा आहे, हे खरे. पण फडावरून परतलेल्या मुलाशी शेवटी मराठीतच बोलायचे असते, त्यामुळे शिकलेले मराठीत आणण्याचा सराव विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासूनच करायला हवा.

गैरसमज 4 : हे बायकांचे क्षेत्र नाही.

वस्तुस्थिती : पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलींना आसरा दिला. मुलींचे संगोपन आणि शास्त्राचा सखोल अभ्यास ही दोन्ही कामे त्यांनी एकत्रच केली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. हा अनुवाद त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रियांना पाळकीय दीक्षा मिळते. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रिया धर्मगुरू होत नाहीत, मात्र सिस्टर आणि सर्वसामान्य स्त्रियाही ईश्वरविज्ञान शिकतात आणि शिकवतात.

गैरसमज 5 : मन चांगले असले की पुरे, मुलांच्या सेवेत कायद्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती : संबंध थेट आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही ती पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे, आणि त्यातून पाळक, सिस्टर किंवा संडेस्कूलचे शिक्षक सुटत नाहीत. मंडळीची बदनामी टाळण्यासाठी प्रकरण आपसांत मिटवणे म्हणजे मुलाला दुसऱ्यांदा एकटे पाडणे. बालविवाह ठरत असल्याचे कळले, तर 1098 ही हेल्पलाइन आहे.

धर्मशिक्षणालाही मर्यादा आहेत. राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल, तर पालकांची संमती लागते. संविधानाच्या कलम 28(3) मध्ये हे स्पष्ट आहे, त्यामुळे मिशनच्या मान्यताप्राप्त शाळेत काम करणाऱ्यानेही ते ध्यानात ठेवायलाच हवे.

बीड, अंबाजोगाई किंवा आष्टीतून सेमिनरीला जाऊ पाहणाऱ्या तरुणाने अर्ज भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. संस्था कुणाशी संलग्न आहे आणि तिची पदवी आपल्या मंडळीत चालते का? बालविकास आणि समुपदेशन स्वतंत्रपणे शिकवतात का? बालसंरक्षणाचे लेखी नियम आहेत का? आणि प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी विद्यार्थ्यांना कुठे पाठवतात? शहरातल्या मोठ्या चर्चबरोबरच कारखान्याच्या तळावर किंवा हंगामी वसतिगृहातही पाठवत असतील, तर ते शिक्षण बीडच्या मुलांच्या अधिक कामी येईल.