जॉनीला जमलं नाही, कमलनगरला कसं जमावं?

कमलनगरच्या ऑनलाइन सेंटरवर ई-आधारची पीडीएफ डाउनलोड केली की ती पासवर्ड मागते. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल, एवढंच. पण बिदर जिल्ह्याच्या या मराठी-कानडी पट्ट्यात तेवढ्यावरही काम अडू शकतं. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग मराठी वळणाने केलं तर सुरुवात ‘डीएनवायए’, कानडी वळणाने केलं तर ‘जेएनएएन’. आधारची नोंद करणाऱ्याने जे घातलं असेल, त्यावरच फाइल उघडते. एवढं करून संरक्षण किती? नाव ठाऊक असलेल्याला फार तर शंभरेक जन्मसालं घालून पाहायची, आणि संगणकाला त्यासाठी एक क्षणही पुरतो. लोकांना झेपावी म्हणून किल्ली सोपी केली, तर ती चोरालाही झेपते.

दुसऱ्या टोकाला पीजीपी आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये आणलेला हा ईमेल एन्क्रिप्शनचा प्रोग्राम गणिताच्या बाजूने आजही भक्कम आहे. यात प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली जगाला वाटायची, खासगी जपून ठेवायची. पत्र पाठवताना ते घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करायचं; मग ते फक्त त्याच्या खासगी किल्लीनेच उघडतं. सोपं वाटतं ना? अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी १९९९ मध्ये ‘जॉनीला एन्क्रिप्ट का करता येत नाही’ अशा अर्थाच्या नावाचा शोधनिबंध लिहिला. ईमेलला सरावलेल्या १२ जणांना त्यांनी पीजीपी ५.० आणि ९० मिनिटं दिली होती. जेमतेम एक तृतीयांश लोकांना संदेश नीट सही करून, एन्क्रिप्ट करून पाठवता आला. तिघांनी गुपित चुकून उघडंच धाडलं. सात जणांनी घेणाऱ्याऐवजी स्वतःच्याच सार्वजनिक किल्लीने संदेश बंद केला. माझ्या मते ही चूक नसून अगदी सरळ तर्क आहे: आपल्या वस्तूला आपलं कुलूप लावायचं, हेच माणूस जन्मभर करत आलेला असतो. प्रोग्राम मात्र त्याला पत्ताही लागू न देता उलटी रीत गृहीत धरतो.

यावर नेहमीचं उत्तर असतं की लोकांना शिकवा, गरज पडली की जमेल. ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराचा दाखला त्याच्या विरोधात जातो. डिसेंबर २०१२ मध्ये एका अनोळखी माणसाने त्यांना पीजीपी बसवून घ्यायला सांगितलं, पुढे शिकवणारा व्हिडिओही बनवून दिला. तरी ते राहूनच गेलं. तो माणूस म्हणजे अमेरिकी सरकारच्या गुप्त पाळतीची कागदपत्रं पुढे उघड करणारा एडवर्ड स्नोडेन होता. शिवाय शिकवून सगळंच सुटत नाही. एक माणूस आणि त्याचा एक संगणक, असं या रचनेने धरलेलं आहे. ज्याचं ईमेल खातं सेंटरवाल्यानेच काढून दिलंय, ज्याची पहाणी (जमिनीचा उतारा) आणि मार्कशीट त्याच्याच संगणकावरून उदगीर-लातूरला जाते, त्याने खासगी किल्ली ठेवायची कुठे? सेंटरच्या संगणकावर ठेवली तर ती खासगी उरत नाही. पेन ड्राइव्हवर ठेवली आणि तो हरवला, तर जुनी पत्रं त्याला स्वतःलाही कायमची बंद. ‘पासवर्ड विसरलात?’ असं विचारणारं इथे कोणी नाही, कारण तसं कोणी नसणं हीच या सुरक्षेची अट आहे.

मग व्हॉट्सॲपने कसं साधलं? २०१६ पासून त्यावरचे संदेश दोन्ही टोकांमध्ये एन्क्रिप्ट होतात आणि वापरणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. आक्षेप रास्त आहे, आणि दोष माणसांचा नव्हता याचा तो सर्वांत मोठा पुरावाही आहे. पण तिथे किल्ल्यांची देवघेव एकच कंपनी करते. ईमेलमध्ये पाठवणारा एका कंपनीचा आणि घेणारा दुसऱ्या कंपनीचा ग्राहक असू शकतो. सगळ्यांच्या किल्ल्यांची एकच वही ठेवणारा कोणी नाही. आणि वही ठेवणाऱ्यावर भरवसा ठेवायचा नसेल, तर व्हॉट्सॲपवरही ६० अंकी सुरक्षा कोड समोरच्याच्या फोनशी पडताळावा लागतो. ते कंटाळवाणं काम वापरणाऱ्याच्याच गळ्यात आहे; फरक इतकाच, की ते न करताही संदेश जातो, आणि तरीही एन्क्रिप्ट होऊनच जातो.