घराच्या वजनाप्रमाणे मात्रा

आपल्या मंडळाच्या मासिक सभेत चहाच्या वेळी पूर्वी रक्तदाबाचे, नाहीतर साखरेचे आकडे एकमेकांना विचारले जात. अलीकडे त्यांत आणखी एका आकड्याची भर पडली आहे : "तुमच्याकडे घरी किती एमबीपीएस?" कोणी शंभर सांगतो, कोणी तीनशे, पाचशे सांगणारा किंचित मान उंचावून सांगतो. त्या पाचशेचे घरात नेमके काय होते, हे मात्र त्याला कोणी विचारीत नाही. बालरोगतज्ज्ञाला हे जरा खटकते. आमच्या शाखेत 'एक गोळी दोन वेळा' अशी ठरीव मात्रा चालत नाही. मूल आधी वजनकाट्यावर ठेवायचे, आणि मग पॅरासिटामॉल किलोमागे पंधरा मिलिग्रॅम या हिशेबाने लिहायचे. घरासाठी फायबर ब्रॉडबँड निवडताना हीच रीत उपयोगी पडते, असे माझे मत झाले आहे. मात्र केवळ मात्रेचा हिशेब पुरत नाही, हेही पुढे सांगणार आहे.

तर आधी वजन. बडोद्याच्या जुन्या भागातल्या आमच्या घरात सहा माणसे. मातोश्री त्र्याऐंशी वर्षांच्या; दुपारी मराठी मालिका पाहतात. पत्नी भूलतज्ज्ञ, तिची वेबिनारे रात्री. मुलगा नोकरीतली निम्मी कामे घरून करतो. सूनबाई रेडिऑलॉजिस्ट, रात्रपाळीचे सीटी स्कॅन घरी बसून वाचतात. नातू तीन वर्षांचा, त्याच्याविषयी नंतर. मोठ्या पडद्यावरील स्वच्छ चित्राला साधारण ५ मेगाबिट लागतात, अतिसूक्ष्म म्हणजे 'फोर-के' चित्राला १५ ते २५, व्हिडिओ-सभेला तीन-चार. सर्वांनी एकाच वेळी सर्व काही चालविले, तरी आमची बेरीज पन्नासच्या आत राहते.

राहिले सूनबाईंचे सीटी स्कॅन. तेथे एक गफलत टाळावी. जाहिरातीतला वेग मेगाबिटांत असतो आणि फायलीचे आकारमान मेगाबाइटांत. एका बाइटमध्ये आठ बिट. सीटीचे एक चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे सुमारे अर्धा मेगाबाइट. पाचशे चित्रांचा अभ्यास २५० मेगाबाइटांचा, म्हणजेच २००० मेगाबिटांचा झाला. शंभरच्या जोडणीवर तो वीस सेकंदांत उतरतो, तीसच्या जोडणीवर मिनिटाहून थोडा अधिक वेळ घेतो. रात्री अपघाताचा रुग्ण टेबलावर असताना हा फरक मानण्यासारखा आहे. शंभर आणि पाचशे यांच्यातला सोळा सेकंदांचा फरक मात्र सूनबाईंनाही नको आहे. आमची मात्रा शंभर ठरली. (२००४ च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटांना ब्रॉडबँड म्हटले होते, पुढे ते ५१२ किलोबिट झाले आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. पाचशेवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

'अमर्याद' योजनेलाही मर्यादा असते, पण तिची भीती बाळगण्याचे कारण नाही. बऱ्याच घरगुती योजनांत ती महिन्याला ३३०० जीबी असते, त्यानंतर वेग उतरतो. स्वच्छ चित्राला तासाला सुमारे तीन जीबी धरले, तर अकराशे तासांचे दूरदर्शन होते. तीस दिवसांच्या महिन्यात तासच मुळी ७२०.

एवढा हिशेब कोणीही करील. पण नुसता वेग पाहून जोडणी घेऊ नये, हे मला २०२४ च्या ऑगस्टअखेरीस आलेल्या पुराने पटविले. विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पस्तिशीही मागे टाकली. आमच्या गल्लीत पाणी गुडघ्याखालीच राहिले, परंतु वीज बंद होती. घरात इन्व्हर्टर होता, राउटर चालू होता, आणि तरीही जोडणी मृत. मोबाइलला तर धड बोलण्याइतकीही शक्ती उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीपलीकडून एका वडिलांचा तुटक तुटक फोन आला. नऊ महिन्यांच्या मुलीला सकाळपासून जुलाब, आणि घराबाहेर कमरेएवढे पाणी. अशा वेळी मूल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सल्ला देणे मला तरी जमत नाही. शेजारचे काका वरून म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे चालू आहे, वर या." त्यांच्या दिवाणखान्यात बसून मी ती मुलगी पाहिली. डोळे किंचित खोल गेलेले, पण नजर सावध, वाटी ओठांना लावताच घटाघटा पिणारी. आईला पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायला सांगितली; ती सावकाश मागे गेली. वजन आठ किलो. किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे ६०० मिलिलिटर जलसंजीवनी चार तासांत, चमच्याचमच्याने. दर तासाला काकांच्या सोफ्यावरून पुन्हा पाहणे झाले. सायंकाळी लघवी झाली आणि मुलगी खेळू लागली.

माझी आणि काकांची, दोन्ही जोडण्या 'फायबर' या एकाच नावाने विकल्या गेल्या होत्या. पुढे चौकशी केली तेव्हा भेद समजला. काकांच्या घरात काचेचा तंतू थेट कंपनीच्या केंद्रापासून येतो. वाटेत एका तंतूचे बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटे करणारा विभाजक असतो. पण तो निव्वळ काचेचा, त्याला वीज लागतच नाही. केंद्रात जनरेटर आणि आपल्या घरात इन्व्हर्टर असला की पुरे. माझ्याकडे मात्र काच गल्लीच्या कोपऱ्यावरील पेटीपर्यंतच येत होती. त्या पेटीतले यंत्र विजेवर चालायचे आणि तेथून पुढे तांब्याची लॅन केबल. पेटीची वीज गेली की सारी गल्ली बंद. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न वेगाचा न विचारता हा विचारावा : घरात शिरणारी शेवटची तार काचेची की तांब्याची? त्याला सांगता न आल्यास शेजाऱ्याकडे जाऊन पाहावे. काचेच्या बारीक तारेला बहुधा हिरव्या टोकाची जोडणी असते. तांब्याच्या तारेला टेलिफोनच्या पिनेची थोरली बहीण शोभेल अशी चौकोनी पारदर्शक पिन.

हा तंतू आपल्या व्यवसायाला मुळीच परका नाही. १९५४ मध्ये हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी 'नेचर'मध्ये तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याची रीत मांडली आणि १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी त्याचाच उपयोग करून लवचिक जठरदर्शी बनविला. काच शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश जाईल, हे चार्ल्स काव यांनी सांगितले ते त्यानंतर, १९६६ मध्ये. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. एंडोस्कोप कसा हाताळावा हे ज्याला ठाऊक आहे, त्याने आपल्या घरात तार ओढणाऱ्या मुलाला ती खिडकीच्या चौकटीशी काटकोनात मुडपू देऊ नये. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर झिरपतो. तो मुलगा जाण्यापूर्वी त्याच्या मापकावरचा आकडा वहीत टिपून घ्यावा. उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही चालणारी कक्षा. आमचा उणे १९ आला. तीन अंक खाली जाणे म्हणजे प्रकाश निम्मा होणे. पुढे तक्रारीच्या वेळी हा मूळ आकडा हाताशी असला, तर संभाषण फार लवकर संपते.

कंपनी कोणती, या प्रश्नाला माझ्याकडे सर्वांसाठी एक उत्तर नाही, आणि ते असूही नये. एकाच कंपनीची सेवा एका गल्लीत उत्तम आणि पुढच्या गल्लीत रडकी असते, कारण दुरुस्तीला येणारा माणूस गल्लीगणिक बदलतो. त्यामुळे जाहिरातीपेक्षा शेजारच्या चार घरांत विचारणे श्रेयस्कर, आणि तेही "वेग कसा आहे?" असे न विचारता "शेवटचे बंद पडले तेव्हा किती वेळात कोण आले?" असे विचारावे. आपल्या शहरापुरता आणखी एक प्रश्न : "उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी चालू होते का?" खांबांवरून लोंबणाऱ्या तारांत पतंग अडकले की पोरे ते हिसके देऊन सोडवितात, आणि वासी उत्तरायणाला निम्मी गल्ली तक्रार नोंदवीत बसते.

ज्यांच्या घरचा दूरध्वनी क्रमांक पालकांना तीस वर्षे पाठ आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. तांब्याच्या जुन्या फोनला वीज टेलिफोन केंद्रातून तारेवाटेच मिळत असे. घरात अंधार असला तरी तो वाजायचा. फायबरवरील फोन आपल्या घरच्या विजेवर चालतो. क्रमांक तोच ठेवता येतो, पण यंत्राला इन्व्हर्टरची किंवा छोट्या स्वतंत्र बॅटरीची जोड दिलीच पाहिजे. हे विक्रेता आपण होऊन सांगत नाही.

वर जाणारा वेगही विचारून घ्यावा. काही योजनांत तो खाली येणाऱ्या वेगाइतकाच असतो, काहींत बराच कमी. २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमुळे दूरस्थ सल्ल्याला नियमांची चौकट लाभली. त्या सल्ल्यात आपला चेहरा आणि शब्द वरच्या वेगावर जातात.

घरात आल्यावर मात्र जुने वाडे दगा देतात. आमच्या भिंती दीड हात जाडीच्या. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण दुसऱ्या भिंतीशी थकते, २.४ ची मंद, पण चिवट. सूनबाईंच्या खोलीत मी सरळ तारच नेली. मातोश्रींच्या खोलीसाठी दुसरा लहान राउटर बसविला. यासाठी पाचशेचे पॅकेज घेणे म्हणजे श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेल्या मुलाला खोकल्याचे औषध वाढवून देणे होय.

आता नातू. विक्रेता मोठ्या उत्साहाने म्हणाला, "साहेब, बधुं फ्री छे", आणि त्याने चौदा-पंधरा ओटीटी वाहिन्यांची यादी पुढे केली. भारतीय बालरोग संघटनेच्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलाला आप्तांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ-संभाषणाखेरीज पडदा नको. दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाहून अधिक नको, आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. बाह्यरुग्ण विभागात मी हे रोज पालकांना सांगतो. बोलायला उशीर होणाऱ्या मुलांच्या आया फोन हातात देतात तेव्हा त्यांनाही सांगतो. त्यामुळे मातोश्रींच्या मालिका ज्या एका वाहिनीवर येतात तेवढी वेगळी घेऊन वाहिन्यांविना साधी योजना मागितली. ती माहितीपत्रकावर ठळक छापलेली नव्हती; मागितल्यावर निघाली.

पैशांचा हिशेब वर्षाचा करावा. छापील आकड्यावर १८ टक्के जीएसटी असतो. ६९९ चे ८२५ होतात. बसविण्याचा खर्च, राउटर आपला की कंपनीचा, अनामत परत कधी मिळते, हे लेखी घ्यावे. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते खरी, पण पहिले तीन महिने, आणि त्यांतला एखादा पावसाळ्याचा, मासिक दरानेच काढावेत. तक्रार केली की नोंदणी क्रमांक मागावा. तेवढ्याने न भागल्यास प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी नेमावाच लागतो, आणि त्याच्याकडे जाण्यास शुल्क नाही.

आम्ही अखेर काकांचीच कंपनी घेतली, शंभरची योजना, काच थेट घरापर्यंत. जुनी जोडणी लगेच तोडली नाही. नवीचे एक उत्तरायण पाहिले आणि मगच तोडली.